थंडीत पहाटे बायोडिझेलचा बर्नर बंद पडतो: मशीन खोलायच्या आधी काय तपासायचं

आधी लक्षणं जुळवून पाहा. यातली दोन-तीन जुळली तरच पुढचं तुमच्या कामाचं. नाहीतर तुमचा बिघाड वेगळा आहे.

– रात्री झोपताना बर्नर ठणठणीत असतो, पहाटे तीन ते सहाच्या दरम्यान लाल दिवा लावून बंद पडतो.
– रिसेट दाबलं की पंखा फिरतो, ठिणगीची तडतड ऐकू येते, पण ज्योत धरत नाही. किंवा धरते आणि दोन-चार सेकंदांत विझते.
– पंपाचा नेहमीचा आवाज बदलून बारीक, चिरका होतो.
– पेटताना धुराड्यातून पांढरा, डोळ्यांना झोंबणारा धूर येतो.
– ऊन चढलं की तोच बर्नर एका रिसेटमध्ये चालू होतो आणि दिवसभर तक्रार नसते.
– फिल्टर बदलला की आठ-पंधरा दिवस बरं, मग पुन्हा तेच.

वर चिखलदऱ्यातल्या होमस्टेंपासून खाली अमरावतीच्या पोल्ट्री शेडपर्यंत दर हिवाळ्यात हीच तक्रार येते: “भाऊ, मशीन काऊन बंद पडून राह्यली?” बहुतेक वेळा मशीनला काही झालेलं नसतं. तेलाला थंडी वाजलेली असते, तेलात पाणी असतं, नाहीतर कॅनमध्ये जे आहे ते बायोडिझेलच, म्हणजे वनस्पती तेलावर प्रक्रिया करून बनवलेलं इंधन, नसतं. तरी लोक आधी नोजल (तेल फवारणारं तोंड) बदलतात, मग पंप, मग अख्खा बर्नर. म्हणून हा क्रम लिहितो आहे: फुकटात होणारी तपासणी आधी, पाना-पकड लागणारी शेवटी.

हे सगळं पंखा, पंप आणि नोजल असलेल्या डिझेल बर्नरसाठी आहे. तो गरम पाण्याच्या बॉयलरला असो, खोल्यांना गरम हवा देणाऱ्या हीटरला असो, की पिल्लांच्या शेडमधल्या ब्लोअरला. वातीच्या आणि हवा भरायच्या स्टोव्हला यातलं काही लागू नाही, आणि त्यात बायोडिझेल घालूही नका.

रिसेट दोनदाच

तपासणीला हात घालण्याआधी एक नियम. लाल दिवा लागल्यावर रिसेट जास्तीत जास्त दोनदा दाबायचं. तिसऱ्यांदा नाही. प्रत्येक वेळी नोजल थोडं तेल आत फवारतं. ज्योत धरली नाही तर ते तेल भट्टीच्या तळाशी साचतं. मग एखाद्या वेळी ठिणगी धरते आणि साचलेलं सगळं एकदम पेटतं. धप्प असा आवाज येतो, कधी धुराडं निखळतं, कधी बर्नरचं तोंड फुटतं. पहाटे पिल्लं गारठताहेत म्हणून घाईघाईत दहा वेळा बटण दाबलेलं असतं, तिथेच असे प्रकार होतात.

अमेरिकेत बर्फात चालतं, इथे १० अंशांत का नाही?

हा प्रश्न योग्य आहे आणि त्याच्या उत्तरात अर्धा इलाज आहे. अमेरिकेच्या ईशान्य भागात लाखो घरं तेलाच्या बर्नरवर तापतात. न्यूयॉर्क शहरात तर घरं तापवायच्या तेलात २०१२ मध्ये किमान २ टक्के आणि २०१७ मध्ये किमान ५ टक्के बायोडिझेल सक्तीचं झालं. पण तिकडे मिश्रण थोडं, आणि टाकी पुष्कळदा तळघरात, म्हणजे उबेत. शिवाय तिथल्या बायोडिझेलमध्ये सोयाबीन तेलाचा वाटा मोठा. सोयाबीनचं बायोडिझेल साधारण शून्य अंशाच्या आसपास गढूळ व्हायला लागतं.

आपल्या शेतात सोयाबीन असलं तरी आपल्याला मिळणारं बायोडिझेल बहुधा हॉटेल आणि फरसाणवाल्यांच्या तळून उरलेल्या तेलाचं असतं, आणि त्यात पामतेल भरपूर. पामतेलाचं बायोडिझेल १३ ते १६ अंशांनाच गढुळतं. विदर्भात डिसेंबर-जानेवारीत पहाटेचा पारा १० च्या खाली जाणं नेहमीचंच. २९ डिसेंबर २०१८ ला नागपुरात ३.५ अंश नोंदले गेले. म्हणजे पामचं शुद्ध बायोडिझेल आपल्या साध्या थंडीतही मेण सोडणारच. करंजाचं मालागणिक बदलतं. मोहाच्या बियांचं तेल थंडीत थिजतं हे गडचिरोली-गोंदियाकडच्या माणसाला सांगायला नको. त्याचं बायोडिझेलही त्याच वळणावर जातं.

मेणाचे कण सुरुवातीला डोळ्यांना जेमतेम दिसतात, पण फिल्टरच्या कागदावर थर धरायला तेवढे पुरतात. तेल टाकीत वाहतं दिसतं, पंपापर्यंत मात्र पोचत नाही. पंप ओढत राहतो, चिरकतो, ज्योत उपाशी मरते.

पहिली तपासणी: वेळ लिहून ठेवा

पैसा लागत नाही. बर्नर कधी बंद पडतो ते दोन-तीन दिवस भिंतीवर खडूने लिहा. फक्त पहाटे पडत असेल तर संशय मेणावर. दिवसा-रात्री केव्हाही पडत असेल तर पाणी, गाळ किंवा हवा. नवीन कॅन ओतल्यापासून सुरू झालं असेल तर तो कॅन. वर्षानुवर्षं डिझेल भरलेल्या जुन्या टाकीत नुकतंच बायोडिझेल घातलं असेल तर गाळ, त्याचं कारण फिल्टरच्या तपासणीत सांगतो.

त्याच वेळी व्होल्टेज बघा. गावाकडे रात्री शेतातले पंप सुरू झाले की सिंगल फेजचं व्होल्टेज पडतं. २०० च्या खाली गेलं की मोटार मंदावते, ठिणगी लुळी पडते आणि सगळा दोष तेलावर जातो. स्वस्तातलं मीटर प्लगमध्ये लावून ठेवलं तरी हा संशय कायमचा मिटतो.

दुसरी: टाकीचं झाकण सैल करा

हसू नका. टाकीत जेवढं तेल कमी होतं तेवढी हवा आत यावी लागते, त्यासाठी वर श्वास नळी असते. आपल्याकडे त्या नळीत कुंभारमाशी मातीचं घर बांधते. नळी बंद झाली की टाकीत पोकळी तयार होते आणि पंपाला तेल ओढता येत नाही. झाकण सैल केल्यावर सुस्कारा ऐकू आला आणि बर्नर चालू झाला, तर बिघाड सापडला. नळी साफ करा, तोंडाला बारीक जाळी बांधा. आणि टाकीत तेल किती आहे तेही त्याच वेळी काठी घालून बघा. तेल ओढणाऱ्या पाइपचं तोंड तळापासून दोन-तीन इंच वर असावं लागतं, म्हणजे “टाकीत तेल आहे” आणि “पंपाला तेल मिळतंय” या दोन वेगळ्या गोष्टी झाल्या.

तिसरी: बाटली

माझ्या मते सगळ्यात जास्त इथेच कळतं, म्हणून ही तपासणी टाळू नका. स्वच्छ, कोरडी, पारदर्शक काचेची बाटली घ्या. बर्नर बंद पडलेला असतानाच, म्हणजे पहाटेच, टाकीच्या तळाच्या नळातून बाटलीभर तेल काढा. दुपारी काढलेल्या नमुन्याचा काही उपयोग नाही.

बाटली उजेडात धरा. तेल गढूळ असेल तर ती बाटली बादलीतल्या कडकडीत नाही पण चांगल्या गरम पाण्यात अर्धा तास ठेवा. तेल आरपार स्वच्छ झालं आणि तळाशी थेंब नाहीत, तर ते मेण होतं. तळाशी वेगळे थेंब किंवा वेगळा थर दिसला तर पाणी. तेल गरम होऊनही दुधाळ राहिलं किंवा पांढरट साका तळाशी बसला, तर माल नीट बनलेला नाही. त्यात बनवताना तयार झालेला साबण किंवा अर्धवट राहिलेले घटक आहेत. असा साका ऊन लागूनही पुरता विरघळत नाही, म्हणून दिवसा चालणारा बर्नरही हळूहळू आजारी पडतो.

साबणाची खात्री करायची तर दुसऱ्या बाटलीत अर्धं तेल, अर्धं साधं पाणी घालून जोरात हलवा आणि ठेवून द्या. चांगलं बायोडिझेल अर्ध्या तासात पाण्यापासून वेगळं होतं. मधे दह्यासारखा जाड थर राहिला तर तो माल परत करा, भाव कितीही कमी लावलेला असो.

आणि वास घ्या, लांबूनच. बायोडिझेलला तळणीचा किंवा करंजाचा मंद वास असतो. थिनरचा, रॉकेलचा तीव्र वास आला तर ते बायोडिझेल नाही. बायोडिझेलच्या नावाखाली औद्योगिक द्रावक (सॉल्व्हंट) विकल्याची प्रकरणं महाराष्ट्रात आणि गुजरातेत पोलिसांपर्यंत गेली आहेत. खरं बायोडिझेल १०० अंशांच्या वर तापल्याशिवाय त्याच्या वाफा पेट घेत नाहीत. हा भेसळीचा माल खोलीच्या तापमानालाही पेट घेऊ शकतो. अशा तेलावर बर्नर चालवू नका, तपासण्या इथेच थांबवा.

नवीन कॅन घेताना अजून एक सोपी युक्ती: नमुन्याची बाटली रात्रभर फ्रिजमध्ये, खालच्या कप्प्यात ठेवा. तिथे चार-पाच अंश असतात. सकाळी ती थिजली असेल तर जानेवारीत टाकीतही तेच होणार. दुकानदाराचं बोलणं ऐकण्यापेक्षा ही बाटली बरी.

चौथी: फिल्टर काढा आणि फाडून बघा

फिल्टर बदलणं सगळे करतात, जुना फिल्टर बघत कोणी नाही. ब्लेडने कापा आणि कागद उलगडा. पांढरट, बोटाला मेणचट थर म्हणजे थंडी. काळा, डांबरी गाळ म्हणजे जुन्या टाकीची घाण: बायोडिझेल चांगलं द्रावक आहे, ते टाकीच्या भिंतींवर वर्षानुवर्षं बसलेला डिझेलचा थर सोडवतं आणि फिल्टरवर आणून टाकतं. यात तेलाचा दोष नाही. टाकी रिकामी करून धुऊन घ्या किंवा सुरुवातीच्या काळात दोन फिल्टर शिलकीत ठेवा. टाकी साफ झाली की हा त्रास आपोआप संपतो.

तपकिरी, बुळबुळीत आणि घाण वासाचं असेल तर तेलात पाणी आहे आणि त्या पाण्यावर जंतू वाढले आहेत. बायोडिझेल डिझेलच्या कितीतरी पट पाणी धरून ठेवतं. आपल्याकडे हिवाळ्यात दुपारी २८-३० आणि पहाटे ८-१०. अर्ध्या रिकाम्या टाकीच्या आत रोज दव धरतं. थंडीत टाकी भरलेली ठेवली तर हे कमी होतं. पण म्हणून वर्षाचा साठा करू नका. बायोडिझेल सहा महिन्यांच्या आत वापरावं. मागच्या हिवाळ्यातलं उरलेलं, टिनाच्या शेडखाली मे महिन्याचं ४५ अंशांचं ऊन खाल्लेलं तेल आंबूस वास मारतं आणि चिकट होतं. ते नव्यात मिसळलं की नवंही बिघडतं.

पुसलेल्या चिंध्यांचं इथेच सांगतो, कारण फिल्टर बदलताना त्या हातात असतात. बायोडिझेलने भिजलेल्या कापसाच्या चिंध्या गोळा करून कोपऱ्यात टाकल्या तर त्या आतून तापत जाऊन आपोआप पेटू शकतात. आपल्याकडे भाव वाढेल म्हणून घरात, ओसरीवर कापूस भरून ठेवलेला असतो. चिंध्या पाण्याने भरलेल्या, झाकणाच्या डब्यात टाका, आणि बर्नरच्या खोलीत कापूस ठेवूच नका.

पाचवी: पाइप आणि वॉशर

पंपाच्या आधीच्या पाइपमध्ये हातभर पारदर्शक नळी जोडून घ्या, ती इंधनाला चालणारी हवी. तिच्यात बुडबुडे दिसले तर कुठून तरी हवा ओढली जाते आहे. साधं रबर बायोडिझेलने फुगतं, मऊ पडतं आणि सांध्यातून हवा सोडतं. डिझेलला चाललेला वॉशर इथे टिकत नाही. दुकानात “व्हायटॉन” म्हणून मागा, महाग पडेल पण पुन्हा पुन्हा बदलावा लागणार नाही. जस्ती टाकी, तांब्याची नळी, पितळेचे नळ हेही हळूहळू काढून टाका. जस्त आणि तांबं तेल लवकर बिघडवतात. लोखंडी किंवा जाड प्लॅस्टिकची टाकी चालते.

मेण असेल तर इलाज काय

सगळ्यात स्वस्त: फिल्टर आणि वीस-तीस लिटरची छोटी टाकी उबदार खोलीत आणा, बर्नरपासून अंतर राखून. मोठी टाकी बाहेर राहू दे. संध्याकाळी, तेल अजून पातळ असताना छोटी टाकी भरून घ्या. एवढ्यावर पुष्कळ जणांचं काम भागतं.

दुसरा इलाज मिश्रण. नोव्हेंबर ते फेब्रुवारी पाचात एक भाग बायोडिझेल, चार भाग डिझेल ठेवलं की त्रास जवळपास मिटतो. मिसळताना दोन्ही तेलं दुपारच्या उबेत असू द्या. बायोडिझेल जड असतं, म्हणून आधी डिझेल आणि वरून बायोडिझेल ओता. उलट केलंत तर ते तळाशीच बसून राहतं. थिजलेलं बायोडिझेल थंड डिझेलमध्ये ओतलं तर गुठळ्या तशाच राहतात.

रॉकेल घालायचा मोह आवरा. रेशनचं निळं रॉकेल अशा कामाला वापरणं गुन्हा आहे. पेट्रोल तर चुकूनही नाही. टाकीखाली निखाऱ्यांचं घमेलं ठेवायची रीत काही शेडमध्ये दिसते, ती आजच बंद करा. तेल गरम करायचंच असेल तर फिल्टरला बसणारा, थर्मोस्टॅट असलेला विजेचा हीटर मिळतो. तो मिस्त्रीकडून बसवून घ्या.

एक गैरसमजही काढून टाकतो. करंजाचं किंवा सरकीचं घाण्यावरचं तेल म्हणजे बायोडिझेल नव्हे. कच्चं तेल ४० अंशांनाही बायोडिझेलच्या सात-आठपट घट्ट असतं, नोजल ते फवारूच शकत नाही, थेंब पाडतं. थेंब अर्धवट जळतात आणि महिनाभरात भट्टी काजळीने भरते.

सहावी: नोजल, फोटोसेल

इथपर्यंत सगळं ठीक निघालं तरच बर्नर खोला, आणि आधी वीज मुख्य स्विचपासून बंद करा. फोटोसेल म्हणजे ज्योत दिसते का हे बघणारा डोळा. बायोडिझेलची ज्योत डिझेलपेक्षा कमी पिवळी असते, त्यात काचेवर धूळ किंवा पिसांचा भुसा बसला तर डोळ्याला ज्योत दिसत नाही आणि चालू बर्नर बंद होतो. मऊ कोरड्या कापडाने पुसा. पोल्ट्रीत हे दर आठवड्याला करा.

नोजल पिनेने टोकरू नका. भोकाला ओरखडा आला की फवारा एका बाजूला जातो. बदलायचं तर त्याच मापाचं आणि त्याच कोनाचं घ्या, दोन्ही आकडे नोजलवर कोरलेले असतात.

इथे हात काढा

पंपाचा दाब गेज लावल्याशिवाय बदलायचा नाही, आणि हवेची झडप धुराची तपासणी करणारं यंत्र असल्याशिवाय हलवायची नाही. चिखलदरा सुमारे ११०० मीटरवर आहे, तिथली हवा खालच्यापेक्षा विरळ. परतवाड्यात जुळवलेला बर्नर वर नेला तर पुन्हा जुळवावाच लागतो. हे अंदाजाचं काम नाही.

भट्टीत तेल साचलेलं दिसलं, पेटताना धप्प आवाज झाला, धुराड्यातून काळा धूर येतो आहे, गरम हवेला धुराचा वास आहे, वायर जळाल्याचा वास आला, किंवा फिल्टर आणि तेल दोन्ही चांगले असूनही एकाच दिवसात दुसऱ्यांदा लाल दिवा लागला, तर बर्नर बंद ठेवून तेल-बर्नरचं काम करणारा माणूस बोलवा. ट्रॅक्टरचा मिस्त्री हुशार असला तरी हे त्याचं काम नाही.

खोलीत किंवा शेडमध्ये कोणाचं डोकं जड झालं, मळमळलं, पिल्लं माना टाकू लागली, तर मिस्त्रीची वाट बघू नका. पडदे-खिडक्या उघडा, सगळ्यांना बाहेर काढा, बर्नर बाहेरच्या स्विचने बंद करा. तो कार्बन मोनॉक्साइड असू शकतो, त्याला वास नसतो.

मिस्त्रीला फोन करताना तीन गोष्टी सांगा: बंद पडायची वेळ, कापलेल्या फिल्टरचा रंग, आणि पहाटेच्या बाटलीचा फोटो. यावरून तो फिल्टर घेऊन यायचं की पंप, हे घरूनच ठरवू शकतो आणि तुमची एक फेरी वाचते. पिल्लं असतील तर किती दिवसांची आहेत तेही सांगा. पहिल्या आठवड्यात त्यांना ३३ ते ३५ अंश लागतात, तिथे थांबता येत नाही. तोवर विजेचे बल्ब किंवा गॅसचा ब्रूडर (पिल्लांना ऊब देणारी शेगडी) लावा, आणि गॅसचा लावलात तर पडदे वरून वीतभर उघडे ठेवा.